घडी कोणी मोडायची

अकोला,
१२ जानेवारी १९७५

चि. रुख्मिणीस मामाचा जयभीम.

तुझं पत्र पोचलं. "मी नोकरीत कायम झाले" हे वाक्य तू सगळ्यात शेवटी, समासात, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंस. मास्तरीण झालीस तरी चांगली बातमी चोरून आणल्यासारखी सांगायची तुझी खोड काही गेली नाही. मी मात्र ते वाक्य मिलच्या टाइम ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. साहेबांनी विचारलं, "शेषराव, भाची मास्तरीण झाली म्हणता, कुठं?" म्हटलं, "मेडशीला, झेडपीच्या शाळेत. इथं माझ्या भोंग्यावर माणसं आत येतात, तिथं तिच्या घंटेवर पोरं येतील."

आता कामाचं लिहितो. माझी घड्याळांची पेटी तू लहानपणापासून पाहत आलीस. तिच्यात तीन घड्याळं आहेत. खिशातलं गोल घड्याळ मी छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून परतताना जुन्या बाजारात घेतलं. वेस्ट एंडचं आहे ते मी बदली कामगाराचा कायम झालो तेव्हाचं. आणि एचएमटीचं 'जनता' आहे ते टाइमकीपर झालो तेव्हाचं. घरातलं माणूस एक पायरी चढलं की पेटीत एक घड्याळ वाढवायचं, असं मी ठरवलं होतं. पण तिन्ही पायऱ्या माझ्याच निघाल्या. घर माझ्या एकट्याचं आहे काय?

चौथं घड्याळ तुझ्या नावाचं. तूच निवड, तुझ्याच पगारातून घे. पेटीत मखमल लावून जागा करून ठेवली आहे. खाली पट्टीवर तुझं नाव रंगवीन.

अट एकच, भाव मधला असावा. सगळ्यात स्वस्त घेतलंस तर लोक म्हणतील, यांना एवढंच पुरतं. सगळ्यात महाग घेतलंस तर म्हणतील, मिरवायला घेतलं. मधलं घेणारा माणूस स्वतःच्या अकलेनं घेतो.

तुझा मामा,
शेषराव

---

मेडशी,
२ फेब्रुवारी १९७५

तीर्थरूप मामांना रुख्मिणीचा सविनय जयभीम.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. तुमचं पत्र वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही. बाबा गेल्यावर तुम्ही मला शिकवलंत. त्या पेटीत माझं नाव यावं, ही इच्छा मला होतीच, पण ती बोलून दाखवायची हिंमत नव्हती. आता तुम्हीच लिहिलंत, तर भीती वाटते की मी चुकीचं घड्याळ निवडीन आणि ते जन्मभर तुमच्या पेटीत चुकीचं बसून राहील.

काल अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर एसटीनं वाशिमला गेले. दुकानदारानं विचारलं, "कोनासाठी पायजे, बाई?"

मी म्हटलं, "आमच्या घरासाठी."

"घराले पायजे त भिंतीवरचं घ्या ना! मनगटावरचं काहून पाह्यता?"

दुकानातले सगळे हसले. मी तिथून निघणारच होते, पण मग वाटलं, तुम्हाला काय सांगू? म्हणून उभी राहिले आणि म्हटलं, "मनगटावरचंच दाखवा. सगळी दाखवा."

जनता तुमच्याकडे आहेच. कांचन सोनेरी, जड, आपोआप चावी भरली जाते. पण दुकानदार म्हणाला की, "हे जावई लोक मागतात." ते ऐकून मी ते खाली ठेवलं. बायकांचं सुजाता मनगटावर लावून पाहिलं. खरं लिहिते, ते मला फार आवडलं. पण ते तुमच्या तीन पुरुषी घड्याळांशेजारी लहान दिसेल. नाव माझं म्हणून बाईचं घ्यावं, की पेटी तुमची म्हणून पुरुषाचं? शिवाय त्याचे आकडे इतके बारीक की वेळ पाहायला डोळे ताणावे लागतात. मधल्या भावात एक पायलट आहे. काळी तबकडी, त्यावर रेडियमचे आकडे आणि काटे, अंधारातही दिसतात. तुमची रात्रपाळी असते, तेव्हा उपयोगी पडेल.

घरमालकीण नानीबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पयल्या कमाईची वस्तू, अन् तिचं तोंड काळं? मास्तरीन, येड लागलं काय वं तुले?"

आता तुम्हीच सांगा, कोणतं घेऊ? काळी तबकडी अशुभ नसते ना? मला तसलं काही पटत नाही, पण विचारून ठेवलेलं बरं.

तुमची,
रुख्मिणी

---

अकोला,
९ फेब्रुवारी १९७५

चि. रुख्मिणी, जयभीम.

चार पानं लिहिलीस आणि शेवटी प्रश्न माझ्याच पदरात टाकलास. मी सांगणार नाही. तू सांगावंस म्हणून तर हे सगळं चाललं आहे. वर्गात पोरगं उठून म्हणालं, "बाई, उत्तर तुम्हीच सांगा," तर तू काय करशील? तेच मी करतो आहे.

नानीबाईंना माझा जयभीम सांग आणि म्हण, आमच्या मामाचंही तोंड काळंच आहे, तरी अर्धी मिल त्याच्या तोंडाकडे पाहून आत येते.

दुकानात उभी राहिलीस, ते वाचून ऊर भरून आला. ते वाक्य मात्र समासात नव्हतं.

एक गोष्ट विसरू नकोस. घेण्याआधी तुझ्या मायला, केशरबाईला कळव. माझी बहीण आहे, तिला मी ओळखतो. शेलूबाजारात दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर दिवाळीपर्यंत अबोला धरेल.

मामा

---

मेडशी,
९ मार्च १९७५

तीर्थरूप मामांना सविनय जयभीम.

मी पायलट घेतलं. तुम्ही सांगितलं नाही म्हणून रात्री झोप लागत नव्हती. पण दुकानात पुन्हा गेले तेव्हा फार वेळ लागला नाही. प्रत्येक घड्याळ हातभर लांब धरून पाहिलं. ज्याच्यातली वेळ लांबून, चष्म्याशिवाय, कमी उजेडातही दिसते, ते घड्याळ आपल्या घराचं, असं ठरवलं. बाईचं की पुरुषाचं, हा प्रश्न तेव्हा आठवलाच नाही. दुकानदारानं पावतीवर नाव विचारलं, मी माझंच सांगितलं.

ही झाली चांगली बातमी, आणि ती मी या वेळी आधी लिहिली आहे.

आता दुसरी. रामधनभाऊ मसाल्याचं दुकान घेऊन शेलूबाजारच्या बाजाराला जातात आणि मेडशीच्याही बाजाराला येतात. त्यांच्याबरोबर मी मायला निरोप पाठवला होता, की असं असं घड्याळ घेते आहे, ते मामांच्या पेटीत माझ्या नावानं राहील. परवा ते उत्तर घेऊन आले. शब्द त्यांचेच लिहिते.

"मास्तरीनबाई, तुमची माय म्हने, घेतली त घेतली, मले काई म्हन्नं नाही. पन घडी मी मोडीन म्हना. पेटीत जाच्या आंदी मोडीन. भल्लं जोर देऊन सांगतलं. मी म्हनलं, बरं बाप्पा, सांगतो."

मामा, आमच्या घरात मोडणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला माहीत आहे. मी डी.एड.ला गेले तेव्हा मायनं डोरलं मोडलं. दुसऱ्या वर्षी हातातले चांदीचे गोट मोडले. आता घरावर टिनं टाकायची आहेत, ते ती दोन पावसाळे बोलते आहे. घड्याळ मोडून टिनं घ्यायची तिच्या मनात असेल.

तिनं माझ्यासाठी मोडलं, तर आता माझी वस्तू मोडताना मी का कू करावं? तिचा हक्क आहे. मी होळीच्या सुटीत घरी जाईन आणि घड्याळ तिच्या हातात ठेवीन. पेटीतली जागा तूर्त रिकामी राहील, एवढ्यासाठी आधी कळवते. मायवर रागावू नका.

मी रडले नाही. पण त्या दिवसापासून चावी दिलेली नाही. ज्याला जायचंच आहे, त्याला कशाला चालवायचं, असं वाटतं.

रुख्मिणी

---

अकोला,
१४ मार्च १९७५

रुख्मिणी,

तू रागावू नका म्हणतेस, पण मी रागावलो आहे. तुझ्यावरही आणि तुझ्या मायवरही.

केशरबाईनं डोरलं मोडलं तेव्हा मी गप्प बसलो, कारण ते पोरीच्या शिक्षणासाठी होतं. आता त्या शिक्षणाचं पहिलं फळ ती मोडायला निघाली? पोरीचं नाव एकदा तरी कुठं लागलेलं मला पाहू दे म्हणावं! टिनं काय, पुढच्या वर्षीही पडतील. गळतं घर मी पाहिलं आहे, त्यात राहून मोठा झालो आहे. घड्याळाखाली लावलेलं पोरीचं नाव मी आमच्या घरात अजून पाहिलेलं नाही.

आणि तू लगेच "तिचा हक्क आहे" म्हणून मोकळी झालीस. दुकानात उभी राहिलीस तशी मायपुढं उभी राहा. "माय, हे मोडायचं नाही," एवढं बोल. नाही बोलवलं तर माझं हे पत्र तिला वाचून दाखव. माझी धाकटी बहीण आहे ती, म्हणावं शेषराव अजून जिवंत आहे.

चावी दे. चालणारं घड्याळ बंद ठेवू नये.

मामा

---

मेडशी,
३० मार्च १९७५

तीर्थरूप मामांना जयभीम.

तुमचं पत्र मी मायला वाचून दाखवलं. सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत. काय झालं ते क्रमानं सांगते.

होळीच्या आदल्या दिवशी घरी पोचले. वाटेत एसटीत तुमचं वाक्य पाठ करत होते. पोचल्यावर चहासुद्धा घेतला नाही. घड्याळ काढून तिच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, "माय, हे मोडायचं नाही."

तिनं घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "काहून? मी मोडली त काय झिजन काय?"

मी म्हटलं, "टिनांसाठी मी पैसे साठवीन. पण हे नको. मामाही नको म्हणतात." आणि तुमचं पत्र वाचायला सुरुवात केली. ती ऐकत राहिली. डोरल्याचं आलं तेव्हा तिनं मान वर केली. शेवटी तुम्ही जिवंत असल्याचं आलं, तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडते आहे. पण मामा, ती हसत होती. हसता हसता खाली बसली आणि शेजारच्या सोजरबाईंना हाका मारायला लागली.

"सोजरे, ये वं इकडे! माहा भाऊ टाइमकीपर अन् माही पोरगी मास्तरीन, दोघाईले मराठी येत नाही!"

मग उठली आणि पेटीतून पांढरं लुगडं काढलं. कोरं, घडी घातलेलं. म्हणाली, "हे चवदा एप्रिलले नेसाचं हाय. याची घडी कोन मोडते? तुह्या मावशीनं लुगडं घेतलं त घडी मोडाले कोनाले देल्लं होतं?"

"तुला," मी म्हटलं.

"काहून मले?"

"जिवाची म्हणून."

"मंग? नवी वस्तू पयल्यांदा जिवाच्या मानसाच्या आंगावर जाते, मंग घरात ठेवतेत. तुही घडी शेषरावच्या पेटीत जाईन, पट्टीवर नाव लागन, लोकं पाह्यतीन. पन पयले माह्या हातावर चढन. मी घडी मोडीन. इतली सोपी गोठ, अन् मामा-भाचीनं मले बजारात उभी केली, घडी इकाले!"

सोजरबाई म्हणाल्या, "केशरबाई, शिकलेल्या लोकाले लुगड्याची घडी ठाऊक नसते. त्याइले फक्त टिकटिक करनारी ठाऊक."

मला इतकी लाज वाटली, आणि इतका आनंद झाला, की कोणतं आधी, ते सांगता येत नाही. ज्या हातातले गोट माझ्यासाठी गेले, त्या मनगटावर माझं घड्याळ आधी चढायचं होतं. ती तेवढंच मागत होती, आणि मी तिला देऊन टाकण्याचा मोठेपणा करत होते.

पट्टा लावून पाहिला. शेवटच्या छिद्रात बसला. सुजाता घेतलं असतं तर त्या हाताला पुरलं नसतं.

चावी तिनं दिली. मी फक्त किती फिरवायची ते सांगितलं.

तुमची,
रुख्मिणी

---

अकोला,
४ एप्रिल १९७५

चि. रुख्मिणी, जयभीम.

तुझं पत्र मी आधी दोनदा मनात वाचलं. मग टाइम ऑफिसात मोठ्यानं वाचलं. साहेब हसून हसून खोकले. आमचा हमाल म्हणाला, "शेषरावभाऊ, बहिनीचं बोलनं समजाले आता दुभाषा ठेवा."

केशरबाईला सांग, तिचा भाऊ चुकला. पण एवढंच सांग, जास्त सांगू नकोस. नाहीतर ती दर राखीपौर्णिमेला ते ऐकवील.

चौदा तारखेला तिनं घडी मोडावी. त्यानंतर सुटी लागली की घड्याळ घेऊन अकोल्याला ये. पट्टीवर नाव रंगवून तयार आहे. रंगाऱ्यानं "रुख्मिणी" मधला ख्मि नीट काढला नव्हता, दुसऱ्यांदा करून घेतला. मे महिन्यात टाइम ऑफिसातली माणसं घरी जेवायला बोलावली आहेत. पेटी उघडून दाखवीन.

मामा

---

मेडशी,
२७ एप्रिल १९७५

तीर्थरूप मामांना जयभीम.

जयंती जोरात झाली. पांढऱ्या लुगड्यावर काळं घड्याळ असं उठून दिसत होतं, की नानीबाईंनी पाहिलं असतं तर शब्द मागे घेतले असते. मिरवणुकीत माय डावा हात जरा पुढं धरूनच चालली. वस्तीतल्या ललिताबाईंनी मुद्दाम चिडवलं, "केशरबाई, किती वाजले वं?" मायला घड्याळ वाचता येत नाही. पण ती म्हणाली, "घडी माही हाय, टाइम माह्या पोरीच्या ताब्यात हाय. तिले इचार."

त्या रात्री मी तिला शिकवायला बसले. सगळे आकडे नकोत म्हणाली. "मले एकच टाइम सांग, बारा. सध्या तोच लागते." उन्हाळ्यात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायचं काम सकाळी असतं, बारा वाजले की सुटी. पण बारा कधी वाजले, ते मालकाचे मुनीम सांगतात. सूर्य डोक्यावरून कलला तरी त्यांचे बारा वाजत नाहीत. मी म्हटलं, "मोठा काटा आणि लहान काटा वर जाऊन एकमेकांना चिकटले, की बारा." तिनं पाहून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे घडीनं हात जोडले की सुटी."

मी घड्याळ परत घ्यायला हात पुढं केला, तर म्हणाली, "इतलं काम होऊ दे." मी ठेवलं. काल पुन्हा घरी गेले, तेव्हा पुढचं सोजरबाईंनी सांगितलं, कारण माय स्वतःच्या तोंडानं सांगेना.

शेतात काम चाललं होतं. माय मधून मधून मनगटाकडे पाहत होती. मुनीम म्हणाले, "केशरबाई, आरशात पाहून राह्यली काय?" बायका हसल्या, मायही हसली. मग एकदम उभी राहिली, विळा कमरेला खोचला आणि म्हणाली, "चला वं बायाहो, बारा वाजले."

मुनीम म्हणाले, "कायचे बारा? सूर्य अजून वर याचा हाय."

माय म्हणाली, "सुर्व्य तुमचा असन, मुनीमजी. घडी आमची हाय."

आणि हात त्यांच्यापुढं धरला. मुनिमांनी पाहिलं. मग त्यांनी स्वतःच्या खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. मामा, त्यांच्याकडे घड्याळ पहिल्यापासून होतं. त्यांनी ते पुन्हा खिशात ठेवलं आणि म्हणाले, "जा मंग."

त्या दिवसापासून रोज बायका एकमेकींना विचारतात, "केशरबाई, हात जोडले काय वं?" ती "नाही अजून" म्हणाली तर कोणी कुरकुर करत नाही, आणि "जोडले" म्हणाली तर मुनीमही करत नाहीत. आता ती पाच वाजताचं ओळखायला शिकते आहे. खरीप लागला की दिवस संध्याकाळपर्यंत असतो.

म्हणून लिहिते. घड्याळ अकोल्याला येणार नाही. तुम्ही नाव रंगवून घेतलं आहे, पाहुणे बोलावले आहेत, हे मला ठाऊक आहे. पेटीत माझं नाव असावं असं मला अजूनही फार वाटतं. पण ते घड्याळ मायच्या हातावरच राहील. पट्टी काढायची की ठेवायची, ते तुम्ही ठरवा. हे मात्र मी ठरवलं आहे.

तुमची,
रुख्मिणी

---

अकोला,
१२ मे १९७५

चि. रुख्मिणी, जयभीम.

काल टाइम ऑफिसातली मंडळी जेवून गेली. पेटी उघडली. तिन्ही घड्याळं पाहून झाली. चौथ्या जागी नुसती मखमल आणि खाली तुझं नाव. साहेबांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "शेषराव, नाव आहे अन् घड्याळ नाही?"

माझ्या तीन घड्याळांकडे पाहिलं. चांगली आहेत बिचारी, वर्षानुवर्षं पडून आहेत. मग साहेबांना सांगितलं, "ते कामावर गेलंय."

मामा